पोस्टरवर न छापलेली ओळ

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

आदरणीय महोदय, आम्ही धरणगाव तालुक्यातील एका गावात राहतो. माझा थोरला भाऊ, वय ४१, तेवीस दिवसांपूर्वी संध्याकाळी ‘डिझेल घेऊन येतो’ असे सांगून मोटारसायकलवर घरातून निघाला, तो परत आलेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची गाडी अमळनेर स्टेशनाबाहेर सापडली. मोबाइल घरीच होता. पोलिसांत मिसिंग (हरवल्याची तक्रार) दिली आहे. पहिले आठ दिवस सगळे गाव आमच्यामागे उभे राहिले. पोरांनी विहिरी, नाले, पाटचाऱ्या पाहिल्या, गणेश मंडळाने पोस्टर छापले, रोज चाळीस माणसे शोधायला निघत होती. आता कापसाची वेचणी जोरात आहे आणि चार-पाचच जण उरले आहेत. पुन्हा ‘चला’ म्हणायला आम्हालाच संकोच वाटतो. पोस्टरवरच्या नंबरवर ‘तुमचा माणूस आमच्या दवाखान्यात आहे, आधी पाच हजार टाका’ असे फोन येतात आणि एकदा आम्ही पैसे टाकलेही.

एक गोष्ट आम्ही कोणालाच सांगितलेली नाही. भावाला बारा वर्षांपासून मानसिक आजार आहे. सुरतेला लूमवर कामाला असताना तो पहिल्यांदा आजारी पडला, म्हणून त्याला गावी आणले. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्या त्याने दोन महिन्यांपूर्वी बंद केल्या. पोलिसांत मात्र ‘किरकोळ कारणावरून रागाने निघून गेला’ असे लिहून दिले आहे, कारण धाकट्या बहिणीचे लग्न ठरण्याच्या बेतात आहे आणि आमचे वडील, आप्पा, ‘आजाराचे नाव काढू नका’ म्हणतात. काकांनी भगताला विचारले, त्याने पूर्व दिशा सांगितली. तेच काका हल्ली सातबाऱ्याचाही विषय काढू लागले आहेत. वहिनी आणि दहा वर्षांची भाची माझ्या तोंडाकडे बघतात. आजाराचे सांगावे का? आणि गावाला पुन्हा कसे उठवावे?

एक बहीण

उत्तर

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, परंतु पहिल्याचे उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही. चाळीस माणसे आठ दिवस एका रागावलेल्या माणसाला शोधत होती. तुमचा भाऊ रागावलेला नाही, आजारी आहे. रागावलेला माणूस मावशीकडे जातो, सासुरवाडीला जातो, मित्राच्या मळ्यावर दोन रात्री काढतो आणि कोणीतरी समजूत घालायला येण्याची वाट पाहतो, त्यामुळे त्याला शोधणारेही नातेवाइकांकडे फोन करतात आणि तिथे नसला की विहिरीत डोकावतात. गोळ्या बंद झालेल्या आणि मनात कसली तरी भीती किंवा आज्ञा घेऊन निघालेल्या माणसाचा रस्ता वेगळा असतो. त्याला ओळखीची माणसेच नको असतात. तो गाडीत बसतो, गाडी नेईल तिथे उतरतो, जिथे फुकट जेवण मिळते तिथे थांबतो आणि नाव विचारले तर गप्प बसतो. गावाची मेहनत कमी पडली नाही. गावाला पत्ताच चुकीचा दिला गेला होता.

हे कठोर वाटेल, पण मी ते दोष देण्यासाठी लिहीत नाही. निवृत्त होईपर्यंत मी सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केले आणि ‘अनोळखी’ म्हणून दाखल झालेल्या रुग्णांची घरे शोधणे हा त्या कामाचाच भाग होता. त्यातला एक प्रसंग तुमच्यासाठी सविस्तर सांगतो, रुग्णालयाचे नाव मात्र घेत नाही. पोलिसांनी रस्त्यावरून आणलेला साठीचा एक गृहस्थ आमच्या वॉर्डात अकरा दिवस होता. केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ६०, बोलत नाही’ अशी नोंद होती. डॉक्टरांनी मराठीत विचारले, हिंदीत विचारले, मीही विचारले, आणि तो दर वेळी भिंतीकडे तोंड करून घेई. बाराव्या दिवशी सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी, ज्या मूळच्या साक्रीकडच्या होत्या, त्याच्या खाटेजवळ पुसता पुसता सहज अहिराणीत म्हणाल्या, ‘आप्पा, तुमनं गाव कोनतं?’ त्याने मान वळवली आणि एका गावाचे नाव सांगितले. ते गाव आम्हाला कुठल्याच यादीत सापडेना, कारण ते पूर्वीच एका धरणाच्या पाण्याखाली गेले होते आणि गावकऱ्यांचे दुसरीकडे पुनर्वसन झाले होते. एका जुन्या तलाठ्यामुळे आम्हाला तो धागा लागला.

या प्रसंगात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे कळली. त्या गृहस्थाची मिसिंग त्याच्या घरच्यांनी तीन महिने आधीच दिलेली होती आणि तिच्यात ‘प्रकृती उत्तम, देवदर्शनास जातो म्हणून निघाले’ असे लिहिले होते. त्याला विस्मरण होते हे घरात सर्वांना ठाऊक होते, परंतु म्हाताऱ्याला वेडा ठरवल्यासारखे होईल म्हणून कोणी ते लिहू दिले नाही. आमच्याकडून पोलिसांना गेलेल्या पत्रात ‘मानसिक अवस्था ठीक नसलेला अनोळखी पुरुष’ असे वर्णन होते. एकाच माणसाचे दोन कागद दोन जिल्ह्यांत पडून होते, आणि वाचणाऱ्याला ते एकाच माणसाचे आहेत अशी शंका येण्याचे कारण नव्हते.

तुमच्या भावाच्या बाबतीत आज नेमके हेच घडत असण्याची शक्यता आहे. म्हणून सर्वांत आधी पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या. पहिली तक्रार खोटी ठरेल आणि आपल्यावरच काही बालंट येईल, अशी भीती आप्पांना असेल, तर तसे काही होत नाही. माहिती नंतर आठवली, आधी संकोच वाटला, असे सरळ सांगून जबाब वाढवून घेता येतो. त्यात आजार, गोळ्यांची नावे, त्या कधी बंद झाल्या, आधी तो कधी घर सोडून गेला होता का आणि गेला असल्यास कुठे सापडला होता, हे सर्व यावे. सुरतेची दहा-बारा वर्षे तर आलीच पाहिजेत. मिसिंग क्रमांक आणि तपासी अंमलदाराचे नाव व फोन तुमच्या वहीत लिहून ठेवा, कारण उद्या नवापूरच्या किंवा बऱ्हाणपूरच्या ठाण्यात उभे राहिलात तर तिथला अंमलदार पहिल्यांदा तेच विचारील.

आजार नोंदवण्याचा फायदा केवळ सहानुभूतीपुरता नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेऊन शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते, तिला कोठडीत ठेवता येत नाही, आणि ती बेघर असेल तर त्या ठाण्याने हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घ्यायचा असतो. प्रत्यक्षात हे सगळीकडे होतेच असे मी म्हणणार नाही. पण जिथे होते, तिथे तो कागद तुमच्या कागदाशी जुळला पाहिजे. उलट, ४१ वर्षांचा धडधाकट पुरुष रागाने निघून गेला, असे लिहिले की त्याचा अर्थ सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने गेला असा होतो, आणि ठाण्यातल्या शंभर कामांत अशा मिसिंगचा क्रमांक कुठे लागतो हे तुम्ही तेवीस दिवस पाहतच आहात.

गावाला किती सांगायचे, हा निराळा प्रश्न आहे आणि इथे आप्पांच्या भीतीला मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. पोलिसांना सर्व सांगावे, प्रत्यक्ष शोधायला जाणाऱ्या पाच-सात विश्वासू माणसांना सर्व सांगावे, पण पोस्टरवर आजाराचे नाव छापू नये. पोस्टर हजार हातांत जाते आणि भाऊ परत आल्यावरही फिरत राहते, त्याला याच गावात पुढची तीस वर्षे राहायचे आहे. पोस्टरवर एवढीच ओळ पुरे: ‘यांचे औषधोपचार चालू आहेत. गर्दीला व मोठ्या आवाजाला घाबरतात. दिसल्यास पकडू नये, नजर ठेवून लगेच फोन करावा.’ ही ओळ वाचणारा माणूस भावाला चोर समजून मारणार नाही, आणि अनोळखी माणूस गावात दिसला की काय होऊ शकते हे धुळे जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१८ मध्ये साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच निष्पाप भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले होते.

तुम्ही पत्रासोबत पोस्टर पाठवले आहे, म्हणून त्यावरही बोलतो. त्यावरचा फोटो कोणाच्या तरी लग्नातला आहे. डोक्यावर फेटा, कपाळाला गंध, दाढी गुळगुळीत आणि चेहऱ्यावर फोटोग्राफरने आणलेला उजेड. तेवीस दिवस बाहेर असलेला माणूस असा दिसत नाही. आजारपणातला, दाढी वाढलेला, घरच्या कपड्यांतला एखादा फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये नक्की असेल. मागच्या पोळ्याचा, एखाद्या सामूहिक फोटोतला कोपऱ्यातलाही चालेल, तो मोठा करून घ्या. उभा असलेला पूर्ण फोटोही द्या, कारण लांबून माणूस चेहऱ्यावरून कमी आणि चालण्या-उभे राहण्यावरून जास्त ओळखला जातो. मजकूर मराठीबरोबर गुजरातीत आणि हिंदीतही असू द्या, तारीख घाला आणि वहिनींचा नंबर तिथून ताबडतोब काढा.

त्याऐवजी एक नवे सिमकार्ड घेऊन तो फोन गावातल्या एका शांत डोक्याच्या माणसाकडे द्या. ते काम घरच्यांनी करू नये, कारण प्रत्येक वेळी घंटी वाजली की आशेने छाती धडधडणारा माणूस समोरच्याला नीट प्रश्न विचारू शकत नाही, आणि फसवणारे नेमके यावरच जगतात. भावाच्या अंगावरची एक ठळक खूण, जखमेचा व्रण किंवा गोंदण, पोस्टरवर मुद्दाम छापू नका. पोलिसांना मात्र ती सांगून ठेवा. फोन करणाऱ्याला तीच विचारायची. खरोखर पाहिले असेल तर तो सांगेल, किंवा ‘थांबा, बघून सांगतो’ म्हणेल. पैशाची गोष्ट काढणाऱ्याला एकच उत्तर द्या की दवाखान्याचे नाव सांगा, आम्ही तिथल्या पोलीस चौकीत फोन करतो. तुमचे पाच हजार गेले त्याची तक्रार सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आजच नोंदवा. ते परत मिळतीलच असे नाही, पण तोच नंबर दुसऱ्या कुटुंबाला लुटत असेल तर तो बंद तरी होईल. बक्षिसाची रक्कम छापण्याचा सल्ला कोणी देत असेल तर माझे मत विरुद्ध आहे. रकमेच्या आकड्याने खरी माणसे वाढत नाहीत, फोन मात्र चौपट वाढतात.

भावाचा स्वतःचा नंबर आणि घरातला सर्वांत जुना नंबर, जो त्याला तोंडपाठ असेल, हे दोन्ही चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. बरेच दिवस गप्प राहिलेला माणूस गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्यांदा जे बोलतो त्यात असा एखादा दहा आकडी नंबर असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या वेळी पलीकडून ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असे ऐकू येणे फार वाईट.

आता दिशा. काकांनी सांगितलेल्या पूर्वेची मला अडचण नाही. अमळनेरहून पूर्वेला जळगाव आणि भुसावळ आहे, आणि भुसावळहून माणूस नागपूरकडेही जातो आणि खंडवा-इटारसीकडेही, म्हणून तिकडे कोणीतरी गेलेच पाहिजे. परंतु भगताच्या शब्दावर पश्चिम सोडून देऊ नका. ज्या माणसाच्या तारुण्याची सर्व वर्षे सुरतेत गेली, त्याची गाडी सुरत लाइनच्या स्टेशनाबाहेर उभी सापडते, तेव्हा पहिला संशय अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, उधना या ओळीवर जायला हवा. तुमची दोन पोरे उधन्याला जाऊन संध्याकाळी परत आली असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्याने सुरत पाहून झाली असे समजू नका. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आपली खान्देशी माणसे इतकी आहेत की तिथल्या कित्येक गल्ल्यांत तुम्हाला मराठीसुद्धा बोलावी लागणार नाही, अहिराणीवर काम भागेल. तुमच्याच पंचक्रोशीतली दहा-पंधरा कुटुंबे तिथे असतील. गावातून माणसे पाठवण्यापेक्षा त्यांच्याकडे पोस्टर पोहोचवा आणि भाऊ ज्या कारखान्यात होता तो कारखाना, ज्या खोलीत राहत होता ती खोली, जिथे चहा पीत होता ती टपरी, एवढी तीन ठिकाणे त्यांना नेमून द्या. नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर या दोन रुग्णालयांत, तसेच रात्रीच्या बेघर निवाऱ्यांत कोणीतरी समक्ष जावे. फोनवर ‘असे कोणी नाही’ हेच उत्तर मिळते.

समक्ष गेल्यावर विचारायचे कसे, तेही सांगतो. भावाचे नाव घेऊन विचारू नका. ‘अनोळखी पुरुष म्हणून गेल्या तेवीस दिवसांत कोण दाखल झाले’ असे विचारा, कारण तो नाव सांगत असता तर तुम्हाला फोन आलाच असता. मानसोपचार विभागाइतकेच अपघात विभागाचे आणि हाडांच्या वॉर्डाचेही रजिस्टर पाहा. रुग्ण बोलत नाही असे कळले तर खाटेजवळ जाऊन घरच्या भाषेत, घरात ज्या नावाने हाक मारता त्या नावाने बोला. भाचीच्या आवाजातली एक हाक मोबाइलमध्ये टेप करून जाणाऱ्या प्रत्येकाजवळ द्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबारची शासकीय रुग्णालये तर आलीच, शिवाय ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांनाही फोटोसह लेखी पत्र पाठवा. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, उपचार करून घरी पोहोचवण्याचे काम कर्जतचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र गेली कित्येक वर्षे करत आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला. त्यांच्याकडेही माहिती असू द्या.

रेल्वेचे काम वेगळे असते, हे गावाकडे पुष्कळांना माहीत नसते. स्टेशन आणि रूळ यांच्या हद्दीतल्या नोंदी लोहमार्ग पोलिसांकडे असतात, तालुक्याच्या ठाण्यात त्या असतीलच असे नाही. अमळनेरच्या फलाटावरचे त्या संध्याकाळचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची विनंती तपासी अंमलदारामार्फत लेखी गेली आहे का, हे आजच विचारा. काही दिवसांनी जुन्यावर नवे चित्रण चढते आणि तेवीस दिवस ही मुदत आधीच फार झाली आहे, तरी स्टेशनाबाहेरच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे चित्रण काही वेळा उरलेले असते. रेल्वेच्या १३९ क्रमांकावरही नोंद करा. एक अवघड काम याच ओघात सांगून टाकतो. अनोळखी मृतदेहांच्या नोंदीही पाहाव्या लागतात, पोलिसांच्या आणि लोहमार्ग पोलिसांच्याही. ते काम वहिनींना, आप्पांना किंवा तुम्हाला करू देऊ नका. पोलीस पाटलांनी आणि घराबाहेरच्या एका जाणत्या माणसाने दर आठवड्याला करावे आणि घरी फक्त ‘पाहिले’ एवढेच सांगावे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गावाचा. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, बोंडे फुटून वाऱ्याने कापूस खाली पडतो आणि वर्षाचा पैसा त्या पंधरा दिवसांत असतो, हे तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या असल्यामुळे जाणताच. जे येत नाहीत ते पाठ फिरवून गेलेले नाहीत. त्यांना ‘चला शोधायला’ असे म्हणू नका, कारण त्याचा अर्थ अख्खा दिवस असा होतो. ज्याचे त्याच्या रोजच्या वाटेवरचे काम द्या. तुमच्या भागातून कापसाच्या गाड्या गुजरातकडे जातात आणि रावेर-सावद्याकडून केळीच्या गाड्या पार दिल्लीपर्यंत जातात. त्या ड्रायव्हरांना एकेक पोस्टर द्या, सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा या दोन्ही महामार्गांवरचे ढाबे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाहीत. एसटीच्या वाहकांना द्या. भजनी मंडळातली जी माणसे पौर्णिमेला सप्तशृंगी गडावर किंवा एकादशीला मुक्ताईनगरला जातात, त्यांना सांगा की प्रसादाच्या पंगतीच्या वेळी एकदा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. शेगाव, शिर्डी, गड, नांदेडचा गुरुद्वारा, जिथे जिथे अन्नछत्र आहे तिथे असा माणूस आज ना उद्या बसतो, पण तो सापडतो ते जेवणाच्या वेळी. दुपारी तीनला मंदिराच्या कार्यालयात फोटो दाखवून आलेला माणूस आणि बाराला पंगतीतून फिरलेला माणूस यांच्या कामात मोठा फरक आहे.

हे सर्व एका वहीत उतरले पाहिजे. कोण कुठे गेले, कोणत्या तारखेला, कोणाला भेटले, काय उत्तर मिळाले. वही एकाच घरात, एकाच माणसाच्या हाताची. तुमच्या पत्रावरून असे दिसते की जळगावच्या बसस्थानकावर तीन वेगवेगळ्या टोळ्या जाऊन आल्या आणि चोपड्याला कोणीच गेले नाही. हेतू चांगला आणि हिशेब नसला की असेच होते. हिशेबावरून आठवले, पेट्रोलचा खर्च आतापर्यंत पोरांनी खिशातून केला असेल, तो विचारून द्या. ते ‘नको’ म्हणतील, तरी द्या. आठवड्यातून एक दिवस, समजा रविवारी संध्याकाळी, मारुतीच्या पारावर दहा मिनिटे उभे राहून या आठवड्यात काय पाहिले आणि पुढे काय राहिले ते गावाला सांगा. ‘काही नाही सापडले’ हेही सांगा. लोक थकतात ते चालून नव्हे, आपण केलेल्याचे काय झाले ते न कळल्यामुळे थकतात.

याच पारावर आजाराचेही सांगता येईल, पण ते तुम्ही नव्हे, आप्पांनी सांगावे. लांब भाषणाची गरज नाही. ‘पोराची तब्येत बरी नव्हती, औषध चालू होते, मी लपवले, माझी चूक झाली’ एवढे चार शब्द एका बापाच्या तोंडून आले की गावाला पुढचे विचारावे लागत नाही. खरे तर मला दाट शंका आहे की निम्म्या गावाला हे ठाऊकच आहे. बारा वर्षे धुळ्याला दवाखान्यात जाणारा माणूस एसटीतच बसून जातो, आणि त्याच एसटीत गावही असते. धाकट्या बहिणीच्या स्थळाकडे मात्र पारावरची बातमी पोहोचण्याच्या आधी आप्पा आणि एखादा वडीलधारा यांनी स्वतः जाऊन सांगावे. ते लोक कदाचित मागे सरतील. तसे झाले तर वाईट वाटेल, पण तुमच्या बहिणीने लग्नानंतर माहेरचा हा भाऊ कायमचा लपवत राहण्याची अट पाळायची नसेल, तर हे आज कळलेले बरे. बहिणीला स्वतःला काय वाटते, हे पत्रात कुठेच नाही. तिला कोणी विचारले आहे का?

काकांच्या सातबाऱ्याच्या विषयावर फार शब्द घालवत नाही. ज्याच्याबद्दल साधारणपणे ज्यांना कळायला हवे त्यांना सात वर्षे काहीच कळलेले नाही, त्याच्याच बाबतीत कायदा मृत्यूचे गृहीतक मान्य करतो. तेवीस दिवसांपासून बेपत्ता असलेल्या माणसाची वारस नोंद होत नाही. वहिनींनी कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. गरज वाटल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठाण्यात पुरवणी जबाब घेण्यास टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज देण्यासाठीही तोच वकील उपयोगी पडेल.

भाऊ सापडला आणि परत यायला तयार नसला, तर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनाची तयारी असावी. तो सज्ञान आहे. पोलीस त्याचा जबाब घेतील आणि ‘मला घरी जायचे नाही’ असे त्याने शुद्धीवर राहून सांगितले तर त्याला ओढून आणता येणार नाही. आजारामुळे तो भेदरलेला असेल तर पहिला मुक्काम दवाखान्यात, घरी नंतर. आणायला दोघांनीच जावे, त्यातला एक त्याचा जिवलग असावा. जीप भरून पोरे नेऊ नका. ‘का गेला होतास’ हा प्रश्न किमान महिनाभर कोणी विचारू नये. त्याच्या भेटीचा व्हिडिओ कोणाच्या स्टेटसवर दिसता कामा नये, हे मंडळाच्या पोरांना आधीच बजावून ठेवा, कारण त्यांनी एवढे कष्ट केलेले असतात की तो आनंद त्यांना आवरत नाही.

भाची रोज काय विचारते ते तुम्ही लिहिले नाही, पण दहा वर्षांच्या मुलीला ‘पप्पा कामाला गेले आहेत’ हे पटत नसते. तिला सांगा की पप्पांना बरे नाही, ते वाट चुकले आहेत आणि इतकी माणसे त्यांना शोधत आहेत. ती वही लिहिण्याचे काम हवे तर तिलाच द्या, अक्षर चांगले असेल. आणि रात्री तुम्हाला किंवा वहिनींना झोप लागेनाशी झाली तर १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक तुमच्यासाठीही आहे. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

ठाण्यात जाताना धुळ्याच्या डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि दाढी वाढलेला तो फोटो बरोबर घ्या. मूळ कागद कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.